टिंबापुढचे गुंठे

“पुण्यात बसून बनवलेलं दिसतंय. त्याला गुंठा कळंना,” माझ्या मागं कुणीतरी म्हणालं.

मी युसूफ वडगाव या गावी ठिबकच्या दुकानात काउंटरपाशी उभी होते. आमच्या गच्चीवरच्या टाकीचा कॉक फुटला होता आणि नमुना म्हणून त्याचा तुकडा मी हातात धरला होता. अनोळखी माणसाकडं वळून बघायची मला सवय नाही, म्हणून मी समोरच्या कपाटाच्या काचेत बघितलं. साठीचे एक शेतकरी होते. चपला चिखलानं भरलेल्या, शर्टाच्या खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाइल.

“बसा की अण्णा,” दुकानदार म्हणाले. दुकानदारांना सगळं गाव चाचा म्हणतं.

“बसाया न्हाई आलो. तुमच्या कंपुटरनं नळीची पंधरा बंडलं सांगितली. पंधरा न्हेली, पंधरा अंथरली. खालची पट्टी समदी कोरडी. सरकी टोबायची ऱ्हायली तिथं. बायको इचारती, आता तिथं चटई टाकून बसू का?”

दुकानातले दोघंतिघं हसले. चाचांना हसू आलं नाही. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

“वावर किती म्हणलतात?”

“दोन वीस. बापजाद्यापासून दोन वीसच हाय. रातीतून कमी झालं का?”

“मी बी दोन वीसच घातलं. हे बघा.” चाचांनी पडदा आमच्याकडं फिरवला. वरच्या चौकटीत २.२० लिहिलेलं होतं, खाली पाच फुटांचं अंतर आणि त्याखाली ठळक अक्षरात पंधरा बंडल. चाचा स्वतःशीच बोटांवर मोजत बसले. “पाच फुटाला एकरी साडेसहाच्या वर बंडलं जात्यात. अडीच एकराला सतरा. वीस वर्सं डोक्यानं करत आलो, एक बंडल इकडचं तिकडं झालं न्हाई.”

“मग कावून घेतलं हे डबडं?”

“समद्यांनी घेतलं म्हणून घेतलं. आन् आता डोक्यानं करायची सवय बी गेली. गेवराईला माझ्या साडूचं दुकान हाय, तिकडं बी गेल्या हप्त्यात असंच झालंय.”

“डबड्याला म्हणाव, एकदा बांधावर येऊन बघ.”

पडद्याच्या कोपऱ्यात त्या प्रोग्रॅमचं हिरवं चिन्ह होतं. ते मी ओळखत होते. ठिबकची आखणी करणारा हा प्रोग्रॅम काही लोकांनी मिळून मोफत बनवलाय, आणि त्यात एकर-गुंठे वाचण्याचं काम करणारा कोड माझा आहे. तो मी पुण्यात लिहिला नाही. या दुकानापासून बारा-पंधरा किलोमीटरवर, केजला, आमच्या घराच्या मागच्या खोलीत लिहिला.

चाचांनी दिलेला नवा कॉक घेतला आणि बाहेर पप्पांच्या गाडीवर जाऊन बसले.

“काय गं, तोंड का उतरलं?” पप्पा म्हणाले.

“काही नाही.”

गाडी केजच्या रस्त्याला लागेपर्यंत माझं गणित झालं होतं. दोन एकर वीस गुंठे म्हणजे अडीच एकर, कारण एकरात चाळीस गुंठे. पण तेच २.२० शाळेतल्या दशांश चिन्हासारखं वाचलं तर होतात दोन एकर आठ गुंठे. मधले बारा गुंठे गायब. बारा गुंठ्यांना पाच फुटांच्या अंतरानं जवळजवळ आठशे मीटर नळी लागते. चारशे मीटरचं एक बंडल, म्हणजे बरोबर दोन बंडलं. कोरडी पट्टी माझीच होती.

ही चूक मी लहानपणी स्वतः केली होती. मी इंग्रजी माध्यमात शिकले. सहावीत असताना पप्पांच्या वहीत ‘२.२०’ बघून मी ऐटीत सांगितलं, “शेवटच्या शून्याला काही अर्थ नसतो, पप्पा. नुसतं २.२ लिहायचं.” पप्पा खूप हसले. मग त्यांनी मला शेतात नेलं. तेहतीस फुटांची दोरी मापून मला तिचं एक टोक धरायला लावलं, आणि तेहतीस बाय तेहतीसचा एक चौकोन जमिनीवर आखला. “हा एक गुंठा. असे चाळीस झाले की एकर भरतो. टिंबाच्या पुढं एकोणचाळीसपर्यंतच जायचं, चाळिसाव्याला टिंबाच्या अलीकडं एक वाढवायचा. तुझ्या बाईंना सांग, आमच्याकडं २.५ म्हणजे दोन एकर पाच गुंठे, म्हणून २.२० हे २.५ पेक्षा मोठं असतं.”

बाईंना मी काही सांगितलं नाही. मी कुणालाच फारसं काही सांगत नसे. शाळेत माझं इंग्रजी नीट होतं, पण घरी ते बोलायला कुणी नव्हतं; गावाकडं गेलं की माझ्या मराठीवर चुलतभाऊ ‘आली बघा कॉन्व्हेंट’ म्हणून हसायचे. दोन्ही भाषा येत असून मी दोन्हींत गप्प राहायला शिकले. लिहिणं मात्र जमायचं. कॉलेजात प्रोग्रॅमिंग आलं आणि मला वाटलं, हे तर न बोलता करायचं काम आहे.

एकर-गुंठ्याची लायब्ररी मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षी लिहिली. लायब्ररी म्हणजे एखादं ठरावीक काम करणारा कोडचा तयार तुकडा; दुसऱ्यांनी तो आयता उचलून आपल्या प्रोग्रॅमात बसवायचा. मी ती सगळ्यांसाठी खुली ठेवली. नाव दिलं नाही, फोटो दिला नाही. माझ्या जागी एक करडा गोल दिसतो, अजूनही तोच आहे. कुणी वापरील असं वाटलं नव्हतं. पण आधी पिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या एका प्रोग्रॅमनं घेतली, मग ठिबकवाल्यांनी, मग आणखी दोघांनी.

माझी लायब्ररीसुद्धा स्वतःच्या पायावर उभी नव्हती. आकडे आणि मापं वाचणारी एक मोठी, जगभर वापरली जाणारी लायब्ररी आहे. तिच्यावर ती टेकलेली होती. त्या मोठ्या लायब्ररीत एक सोय होती. टिंबाच्या पुढं किती भागांनी एक पूर्ण होतो ते तिला सांगता यायचं. मी चाळीस सांगितले होते. माझा सगळा डोलारा त्या एका सोयीवर होता.

घरी आल्यावर चहाही न घेता मी संगणक उघडला. माझ्या चाचण्या चालवल्या. सगळ्या हिरव्या, सगळ्या पास. पाच मिनिटं मी त्या हिरव्या रंगाकडं बघत बसले. मग लक्षात आलं की माझ्या संगणकावर मोठ्या लायब्ररीची दीड वर्षापूर्वीची आवृत्ती आहे. नवी बसवली, पुन्हा चाचण्या चालवल्या, आणि निम्मा पडदा लाल झाला.

नव्या आवृत्तीत ती सोय बंद केलेली होती. सरळ काढून टाकली असती तर माझी लायब्ररी कोसळली असती आणि पहिल्याच दिवशी कुणीतरी ओरडलं असतं. त्यांनी तसं केलं नव्हतं. चाळीस सांगितले तर ते ऐकून घ्यायचे आणि सोडून द्यायचे, असं केलं होतं. आकडा यायचा, गुळगुळीत आणि चुकीचा.

पण मला खरं टोचलं ते पुढंच. अशी सोय बंद करायची असेल तर आमच्या कामात एक रीत आहे. आधी काही आवृत्त्यांत नुसती सूचना द्यायची, की हे जाणार आहे, पर्याय शोधा. तिला डेप्रिकेशन म्हणतात. मोठ्या लायब्ररीनं ती रीत पाळली होती. दीड वर्ष सूचना येत होती. ती मला दिसली का नाही, ते शोधायला मी माझाच कोड वाचायला घेतला आणि तिसऱ्या ओळीत सापडलं. खालून येणाऱ्या सगळ्या सूचना दाबून टाका, असं मीच लिहून ठेवलं होतं. शेजारी माझीच टीप: वापरणाऱ्यांना उगीच त्रास नको.

ही माझ्यासारखीच गोष्ट होती. कुणाला माझा आवाज जाऊ नये म्हणून मी इतकी दक्षता घेतली होती, की एका माणसाचं बारा गुंठे रान कोरडं राहिलं. चुकीचं खापर कुणावर फोडायला जागाच नव्हती.

त्याच संध्याकाळी मी पहिली दुरुस्ती काढली: माझी लायब्ररी यापुढं मोठीची फक्त जुनीच आवृत्ती मागेल, नवी नको. सूचना दाबणारी ओळ खोडली. सुटले असं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ठिबकवाल्यांचा निरोप आला. त्यांच्या प्रोग्रॅमात शेताचा नकाशा काढणारी आणखी एक लायब्ररी आहे, आणि तिला मोठीची नवीच आवृत्ती लागते. माझी म्हणते जुनी, ती म्हणते नवी. दोघी एका घरात नांदायला तयार नाहीत. माझ्या दुरुस्तीनं त्यांचा प्रोग्रॅम उभाच राहीना.

जेवताना मी हे पप्पांना सांगितलं. त्यांना एवढंच कळलं की दोन सुना आणि एक सासू आहे.

“मग तू मधे पड,” ते म्हणाले.

“तेच करतेय.”

“बोलून?”

“लिहून.”

मम्मी ताटात भाकरी टाकत म्हणाली, “तिच्याकडून बोलून काही होतंय का? किराणा दुकानात हळद मागायची तर चिठ्ठी नेते.” ते खरं होतं, म्हणून मी भाकरी खाल्ली.

तिसऱ्या दिवशी जमलं. मोठ्या लायब्ररीच्या पोटात, आकडा वाचला जायच्या आधी, एक जागा मला सापडली. तिथं माझा छोटा तुकडा बसवला. जुनी आवृत्ती असेल तर जुन्या वाटेनं, नवी असेल तर माझ्या तुकड्यातून. वापरणाऱ्याला काहीच बदलायला नको. चाचण्या दोन्ही आवृत्त्यांवर चालवल्या. शिवाय एक पहारा बसवला: टिंबाच्या पुढं चाळीस किंवा जास्त आलं तर अंदाज करायचा नाही, थांबायचं आणि सांगायचं की गुंठे इतके नसतात. ठिबकवाल्यांनी दुपारी नवी आवृत्ती सोडली.

त्या शनिवारी मी आपण होऊन पप्पांना म्हणाले, चला, वडगावला जाऊ. टाकीच्या कॉकला रबरी वायसर लागतोय असं कारण काढलं. दुकानात चाचा एकटेच होते. मी वायसर बघितल्यासारखं करत म्हणाले, “चाचा, ते परवाचं दोन वीसचं, परत घालून बघा ना.”

“कावून गं माय?”

“असंच.”

त्यांनी घातलं. पडद्यावर सतरा आलं. चाचांनी चष्मा कपाळावर सरकवला, बोटांवर मोजलं, पुन्हा पडद्याकडं बघितलं.

“सतरा! आरं तिच्या, ठिकाणावर आलं की डोकं. कुण्या कंपनीवाल्यानं सुधारलं वाटतं.” मग गंमत म्हणून त्यांनी २.५० घातलं, आणि प्रोग्रॅमनं मराठीत सांगितलं की एकरात चाळीसच गुंठे असतात, आकडा तपासा. चाचा खुर्चीतल्या खुर्चीत मागं रेलून हसायला लागले. “ह्यो तर आता तलाठ्याला बी शिकवंल!” ते उठून दारात गेले आणि पलीकडच्या मेकॅनिकला हाक मारून म्हणाले, “आवो, इकडं या, मशीनला गुंठा कळायला लागला!”

मेकॅनिक हात पुसत आला. त्यानं १.३९ घातलं, मग १.४०, आणि दुसऱ्या वेळी अडवलं गेल्यावर ‘वा रे पठ्ठ्या’ म्हणाला. मी वायसरच्या डब्यात तोंड घालून उभी होते. कान गरम झाले होते. इतका आनंद मला डिग्री मिळाल्यावरही झाला नव्हता. अण्णांना दोन बंडलं सकाळीच पोचवलीत असं चाचा म्हणाले.

बाहेर पप्पा म्हणाले, “सांगायचं होतंस की, मी केलंय म्हणून.”

“कशाला?”

“कशाला म्हणजे?” पप्पांनी गाडीला किक मारली.

पण काम संपलेलं नव्हतं. माझा तुकडा ज्या जागेत बसला होता, ती जागाच मोठ्या लायब्ररीच्या पुढच्या मोठ्या आवृत्तीत जाणार होती. तसं जाहीर झालेलं होतं. त्या वेळी माझी लायब्ररी नव्यावर चालणार नाही, नकाशावाली जुन्यावर चालणार नाही, आणि चाचांच्या पडद्यावर एक तर चुकीचा आकडा येईल किंवा काहीच येणार नाही. ती आवृत्ती सुटायच्या आधी त्यांची एकच मासिक ऑनलाइन बैठक उरली होती.

मी मोठ्या लायब्ररीच्या ऑनलाइन फळ्यावर तक्रार लिहिली. तिथल्या प्रमुखांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. ते युरोपात कुठंतरी राहतात. सभ्य, मोजकं बोलणारे. त्यांनी लिहिलं की टिंबाला जगात एकच अर्थ असावा, दुसरा अर्थ सांभाळताना कोड गुंतागुंतीचा होतो, आणि इतक्या वर्षांत या सोयीबद्दल विचारणारं तुमच्याशिवाय कुणी आलेलं नाही. चुकीचं काहीच नव्हतं त्यात. कोणी वापरतच नसेल तर ते ओझं त्यांनी का वाहावं?

मग मी शोधायला लागले की खरंच कुणी वापरत नाही का. खुला कोड कुणालाही वाचता येतो. घरून करते ते नोकरीचं काम संपलं की रोज तासभर मी दुसऱ्यांचे प्रोग्रॅम वाचायचे. सातआठ जण सापडले. फूट-इंच लिहिणारा एक सुतारकामाचा प्रोग्रॅम होता. तोळे-मासे वाचणारा एक होता. आणि एक सापडल्यावर मी खोलीत एकटीच मोठ्यानं हसले. क्रिकेटची धावसंख्या ठेवणारी लायब्ररी. ४.३ षटकं म्हणजे चार षटकं आणि तीन चेंडू. सहा चेंडूंनी षटक भरतं. जे चाळीस गुंठ्यांचं, तेच सहा चेंडूंचं. लहानपणापासून दूरदर्शनवर बघत आले होते आणि कधी लक्षात आलं नव्हतं.

मी प्रत्येकाला लिहिलं, त्यांच्याच कोडमधला एक आकडा घेऊन तो आता कसा चुकतो ते दाखवलं. माझ्यासारखेच सगळे झोपलेले निघाले. कुणी सूचना बघितली नव्हती, कुणाच्या चाचण्या जुन्याच आवृत्तीवर चालत होत्या. क्रिकेटवाल्यानं न्यूझीलंडहून उत्तर लिहिलं: “आमचा धावांचा वेग महिनाभर चुकतोय, आणि आम्ही आमच्या क्लबच्या गोलंदाजांना शिव्या घालत होतो.”

मग मी प्रस्ताव लिहिला. आठ दिवस लागले. जुनी सोय आहे तशी ठेवा असं मी मागितलं नाही, कारण प्रमुखांचं म्हणणं मला पटलं होतं. नुसतं टिंब बघून कुणाला अर्थ कळत नाही. मी लिहिलं की भागांच्या आकड्यांना स्वतःचं वेगळं दार द्या, त्याचं नाव असं ठेवा की वाचताच कळेल. जुन्या नावानं कुणी आलं तर त्याला परत पाठवू नका. नव्या दाराकडं न्या, आणि जाता जाता स्पष्ट सांगा की पुढच्या वेळी कोणती ओळ लिहायची. माहीत नसलेली सोय कुणी मागितली तर गप्प बसून सोडून देऊ नका, तिथंच थांबवा. आणि नवी आवृत्ती सोडायच्या आधी आमच्या सगळ्यांच्या चाचण्या तुमच्याकडं एकदा चालवा, म्हणजे आमचं काय मोडतं ते तुम्हाला आमच्या आधी कळेल. खाली मी सगळा कोडही लिहून जोडला. वर एक वाक्य ठेवलं: आमच्या जिल्ह्यात २.२० हे २.५ पेक्षा मोठं असतं.

त्या वाक्याखाली पुढच्या दोन दिवसांत जगभरातून लोक येऊन बोलून गेले. सुतारानं त्याच्या इंचांचं उदाहरण दिलं. क्रिकेटवाल्यानं लिहिलं की १९.५ नंतर वीस येतं हे अर्ध्या जगाला माहीत आहे. प्रमुखांनी अंगठ्याचं एक चिन्ह टाकलं, आणि एवढंच लिहिलं की बैठकीत बोलू.

बैठक आमच्या संध्याकाळी साडेसहाला असते. मी दोन वर्षं त्या बैठकांना जात होते. कॅमेरा बंद, माइक बंद, करडा गोल. मला ऐकायला आवडायचं. त्या सोयीचा विषय मात्र तिथं कधी निघाला नव्हता. त्या दिवशी मम्मीनं विचारलं, “आज बोलायचं आहे का?” मी म्हटलं, “नाही, लिहिलंय सगळं.” तरी तिनं मिक्सर लावला नाही, आणि पप्पा बोअरची मोटार बंद करून ओसरीत खुर्ची टाकून बसले. कुणी येऊन दारात मोठ्यानं हाक मारू नये, म्हणून.

पडद्यावर वीसेक चेहरे होते. माझा विषय शेवटचा. प्रमुखांनी माझा प्रस्ताव उघडला आणि जवळजवळ सगळा वाचून दाखवला. माझी वाक्यं त्यांच्या आवाजात ऐकताना मी खुर्चीच्या कडेला आले होते. २.२० च्या वाक्यापाशी ते थांबले आणि म्हणाले, “हे वाचून मी माझ्या मुलीला विचारलं, मोठं कोणतं. ती म्हणाली २.५. मग मी तिला गुंठा समजावून सांगितला. आता तिला आमचं अंगण गुंठ्यात मोजायचं आहे.” सगळे हसले.

पुढं ते म्हणाले, “कोड मी तपासला. चांगला आहे. आमच्या जुन्या कोडपेक्षा लहान आहे. माझी आवृत्ती मी यासाठी दोन आठवडे पुढं ढकलायला तयार आहे.” मी टेबलाची कड धरली. “पण एक गोष्ट आहे. जुनी सोय बंद पडली, कारण तिला कुणी वाली नव्हता. लिहिणारा निघून गेला, मग ती कशी वापरतात हेच कुणाला माहीत नव्हतं. हा भाग सांभाळणारं माणूस नसेल तर मी तो घेणार नाही. प्रश्नांना उत्तरं द्यायची, बैठकीला बोलायचं, काही मोडलं तर उभं राहायचं. कोण करील?”

क्रिकेटवाला म्हणाला, “मी चाचण्या देईन, पण सांभाळायला मला वेळ नाही.” सुतार म्हणाला, तो फक्त वापरणारा आहे. मी लिहायच्या चौकटीत ‘मी’ एवढं टाइप केलं आणि तो शब्द मला इतका लहान दिसला की मी तो खोडला.

“ज्यानं हे लिहिलं, तो आहे का इथं?” प्रमुख म्हणाले.

“त्याचा आवाज कधी ऐकला नाही,” दुसरं कुणीतरी म्हणालं. “बहुधा नसावा.”

“मग या वेळी बाजूला ठेवावं लागेल,” प्रमुख म्हणाले, आणि मला खरंच दिसलं की त्यांना वाईट वाटतंय. त्यांनी पान मिटायला हात पुढं केला.

पान मिटलं असतं तर सगळे गेले असते: अण्णांचे बारा गुंठे, चाचांचे सतरा, ते चार षटकांपुढचे तीन चेंडू. मला भीती वाटत होती, ती गेली नाही. पण त्या क्षणी मला हेही स्पष्ट कळलं की या वीस जणांत दोरी धरून गुंठा मापलेलं माणूस मी एकटीच आहे. मी माइक चालू केला. कॅमेराही केला. माझ्या मागं मम्मीनं वाळत घातलेले टॉवेल दिसत होते, ते दिसू दिले.

“एक मिनिट,” मी म्हणाले. आवाज चिरका निघाला, म्हणून मी पुन्हा म्हणाले, “एक मिनिट थांबा.”

वीस चेहरे पडद्याकडं वळले. ओसरीतली खुर्ची करकरली. इंग्रजी वाक्यं माझ्या तोंडात जुळून येत होती, आणि मी ती सावकाश, एकेक करून बाहेर सोडली.

“ते मी लिहिलंय. मी दोन वर्षं प्रत्येक बैठकीला इथंच असते. हा भाग मी सांभाळणार. जुनं दार कधी बंद करायचं तेही मी ठरवीन, आणि ठरवायच्या आधी त्या दारातून जे जे जातात, त्या प्रत्येकाला मी स्वतः विचारीन.”